अँगलची मशीन आणि पाईपाचं गेट

गेट उघडत नव्हतं, गोष्ट इतकीच होती. पण अर्जुनरावांची सारी हयात सरकारी कचेरीत गेलेली, आणि तिथून निवृत्त झालेल्या माणसाला इतकीच गोष्ट इतकीच ठेवता येत नाही, हे सत्यभामाबाईंना लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळून चुकलं होतं.

झालं असं, की केजच्या त्यांच्या गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला. जुन्या रस्त्यावर नवा, नव्यावर आणखी एक थर, असं करत करत रस्ता घराच्या जोत्याशी बोलायला आला. गेट रस्त्याकडं उघडणारं. त्याचा खालचा पाईप सिमेंटला टेकला आणि गेट हातभर उघडून जे अडलं ते अडलंच. आत उघडावं, तर आत अर्जुनरावांनी हौसेनं बांधलेला पाण्याचा हौद. तेव्हा गेट बाहेर जाईना, आत येईना, आणि नुसतंच दारात उभं राहून खायला उठलं.

आलागेला आडवा होऊन आत यायचा. गॅसच्या टाकीला तेवढी जागा पुरायची, म्हणून घरात काय ती टाकीच सरळ, ताठ मानेनं येत होती. सत्यभामाबाईंना आधी पिशवी, मग उजवा खांदा, मग श्वास आत ओढून उरलेलं सगळं, असं हप्त्याहप्त्यानं स्वतःच्या घरात शिरावं लागे. तरुणपणी त्या या फटीतून सहज गेल्या असत्या. पण तरुणपणी फट नव्हती.

अर्जुनरावांनी यावर "बघू" म्हटलं होतं, आणि ते आणखी दहा वर्षं बघत राहिले असते. अडलं ते महालक्ष्म्यांपाशी.

त्यांच्या घराण्याच्या महालक्ष्म्या थोरल्या जाऊबाईंकडं, छबुबाईंकडं, वडवणीला बसत. सत्यभामाबाई दर भादव्यात वडवणीला जाऊन पुरण वाटत, पोळ्या लाटत, सोळा भाज्या निवडत, आणि ओवाळायची वेळ झाली की पदर सारखा करून मागं उभ्या राहत. ओवाळायचा मान थोरलीचा. यंदा छबुबाईंच्या गुडघ्यांनी साथ सोडली. त्यांनी फोन केला. फोनवरसुद्धा त्या पाटावर बसल्यासारख्या बोलत.

"सत्यभामा, यंदापासून महालक्ष्म्या तुझ्याकडं. मला आता उठबस व्हईना. पण मी येऊन बघणार हाय. दोघी जोडीनं आत आल्या पायजेत. एक म्होरं, एक मागं आणलेली मला चालायची न्हाई. आपल्यात तशी चालच हाय."

चाल म्हटलं की त्या घरात कोर्टकचेरी संपली. एका जावेच्या हातात ज्येष्ठेचा मुखवटा, दुसरीच्या हातात कनिष्ठेचा, आणि दोघी खांद्याला खांदा लावून, कुंकवाच्या पावलांवरून, रस्त्यापासून थेट देवघरापर्यंत. कुणी पुढं नाही, कुणी मागं नाही.

"आन् तुला जमत नसंल तर आताच सांग," छबुबाई म्हणाल्या. "मंगल तयार हाय."

मंगल म्हणजे धाकटी जाऊ, चकलांब्याची. ती लग्न होऊन आली तेव्हापासून तयारच होती. तिच्या नव्या बंगल्याचं गेट एवढं, की ट्रॅक्टर ट्रॉलीसकट आत जाऊन वळून बाहेर येतो; आणि हे ती कुठल्याही बोलण्यात, अगदी कुणाच्या दहाव्यालासुद्धा, सांगत असे.

सत्यभामाबाई फोन ठेवून गेटपाशी गेल्या. हातात थाळी धरून त्यांनी फटीतून जाऊन पाहिलं. थाळी अडकली. इतकी वर्षं दुसऱ्याच्या चुलीपुढं धूर खाल्ला तो ज्या मानासाठी, तो मान आता दारापर्यंत आला होता आणि दार उघडत नव्हतं.

"अहो," त्या घरात येऊन म्हणाल्या, "महालक्ष्म्या कशा आणू? कपाटासारख्या तिरक्या करून?"

मग सटवाला बोलावणं गेलं. सटवाचं बसस्टँडमागं वेल्डिंगचं दुकान. तो बऱ्याच निरोपांनंतर आला, गेटला चपलेनं ढोसलं, कानाला लावलेला फोन न काढता म्हणाला, "चार बोटं खालून उडवलं की झालं."

"मग उडव," अर्जुनराव म्हणाले.

"उद्या येतो."

सटवाचा उद्या हा कुठल्याच कॅलेंडरात न सापडणारा वार होता. सत्यभामाबाईंना बंकट लोहार आठवला. बंकटला निरोप धाडला की आधी बंकट यायचा आणि मग निरोप घेऊन गेलेला माणूस परत यायचा. एक करवत, एक पाण्याचा तांब्या, आणि पायरीवर बसून साऱ्या गावाची निंदानालस्ती. ती संपायच्या आत लोखंडाचे दोन तुकडे झालेले असत. आता मशिनी आल्या. काम मिनिटाचं झालं आणि त्याची वाट बघणं महिन्याचं.

अर्जुनरावांना मात्र काम न झाल्याचं दुःख नव्हतं. सटवा त्यांच्याशी बोलताना फोनवर होता, याचं होतं. ज्या माणसापुढं एके काळी लोक चपला बाहेर काढून उभे राहत, त्याच्या गेटला चप्पल लागली! तिसऱ्या दिवशी आंघोळ करून आले आणि म्हणाले, "मशीनच घेतो."

"कसली?"

"कापायची. ग्राइंडर. घरचं काम घरी. परवडणारी बघून एखादी घेऊ. मागं एक छोटंसं वर्कशॉप टाकू."

'वर्कशॉप' म्हणताना त्यांनी मागच्या खोलीकडं पाहिलं. त्या खोलीत सत्यभामाबाईंच्या डाळी, पापड आणि वर्षाचं तिखट होतं. घराण्यात पुरुषाला काही सुचलं की पहिली खोली बाईची रिकामी होते.

मग अभ्यास सुरू झाला. अर्जुनराव सकाळ-संध्याकाळ फोनवर व्हिडिओ बघू लागले. कुठली तरी पोरं हिंदीत ओरडत लोखंड कापायची आणि ठिणग्या उडाल्या की अर्जुनराव मान मागं घ्यायचे. वॅट, आरपीएम, चार इंची, पाच इंची, बाजूची मूठ, चकतीवरचं झाकण हे सगळं जेवणाच्या ताटात येऊन बसलं. भाजीत मीठ बरोबर आहे का विचारलं, तर "साडेआठशे" म्हणायचे.

याला खतपाणी घालायला शेजारचा भागवत होता. जन्मभर त्यानं एसटीत तिकिटं फाडली. रिटायर झाल्यावर मतं फाडायला लागला.

"अर्जुनराव, सस्त्यात पडू नका," तो चहा फुंकत म्हणाला. "माझ्या मेव्हण्यानं घेतलती सस्तातली. चालू केली तर मशीन जागेवर आन् मेव्हणा फिरला."

"मग भारीतली घ्यावी?"

"भारीतली कावून? तुमाला काय रेल्वेचे रूळ कापायचेत?"

"मग कुठली?"

"मधली घ्या."

"मधली म्हणजे?"

"ते दुकानदार सांगंल की!"

या सल्ल्याला दोनदा चहा झाला. आतून सत्यभामाबाई म्हणाल्या, "भागवत, एवढं डोकं होतं तर तिकिटं का फाडत बसलात? बसच चालवायला घ्यायची होती."

"वयनी, बस ड्रायव्हर चालवतो," भागवत गंभीरपणे म्हणाला, "पण थांबवतो कंडक्टर."

दुकानात सत्यभामाबाई बरोबर गेल्या. एकट्या अर्जुनरावांना बाजारात सोडण्याची त्यांची छाती नव्हती. एकदा चाळणी आणायला गेले ते वजनकाटा घेऊन आले होते. हार्डवेअरच्या दुकानात रामप्रसाद बसला होता. बापाच्या गादीवर नुकताच बसलेला, त्यामुळं बापापेक्षा जास्त टेकून बसलेला. त्यानं एक खोका पुढं केला.

"ही घ्या काका. चार इंची. हलकी हाय, परवडती, घरी वापरा, दुकानात वापरा."

अर्जुनरावांनी मूठ धरून पाहिली, बटण मागं-पुढं केलं, झाकण फिरवून पाहिलं. सगळं व्हिडिओत सांगितल्यासारखं होतं. सत्यभामाबाईंना वाटलं, झालं एकदाचं. तेवढ्यात अर्जुनरावांनी वाचायचा चष्मा लावला आणि खोक्यावरची अक्षरं वाचली. अँगल ग्राइंडर.

"ही अँगलची हाय," अर्जुनराव म्हणाले.

"हाव. अँगल ग्राइंडरच."

"आमचं गेट पाईपाचं हाय. चौकोनी पाईप. मला पाईपाची दाखवा."

आता अँगल म्हणजे काय, हे आपल्याकडं पाळण्यातलं पोर सांगेल. काटकोनात दुमडलेली लोखंडी पट्टी. पलंग तिचे, पत्र्याचे शेड तिचे, कूलरखालचा घोडा तिचा. अँगल वेगळा, पाईप वेगळा, दुकानात भावही वेगळा. मग अँगलची मशीन पाईपाला कशी लावायची? अर्जुनरावांच्या हिशेबात कुठंच चूक नव्हती, आणि कचेरीतल्या माणसाची हीच तर खरी अडचण असते.

खरं पाहता इथं रामप्रसादनं दोन शब्द बोलायला हवे होते. पण दुकानदार 'संपलं' म्हणतो, 'येणार आहे' म्हणतो. 'मला माहीत नाही' म्हणणारा दुकानदार अजून जन्माला यायचा आहे. रामप्रसादनं वरच्या फळीकडं पाहिलं, खालच्या फळीकडं पाहिलं, आणि म्हणाला, "पाईपाची... संपली काका. तिला मागणी लई हाय."

"कधी येईल?"

"सांगता येत न्हाई. कंपनीनंच बंद केल्यावानी झालंय."

सत्यभामाबाईंना राहवलं नाही. "का हो, विळी वांग्याची येगळी आन् कांद्याची येगळी असती का?"

दोघा पुरुषांनी त्यांच्याकडं पाहिलं. लोखंडाच्या दुकानात बोलणाऱ्या बाईकडं जसं पाहतात तसं.

"काकू," रामप्रसाद समजुतीनं म्हणाला, "ह्यात आरपीएम असतंय."

त्यानंतर पाईप ग्राइंडरचा शोध सुरू झाला. भागवतनं बीडच्या ओळखीच्या माणसाला फोन केला. त्यानं आणखी कुणाला केला. एकजण म्हणाला लातूरला बघा, एकजण म्हणाला परवाच होती, गेली. नाही म्हणणारा एकही भेटला नाही. ज्या वस्तूला जगात अस्तित्वच नाही, तिच्याबद्दल इतक्या माणसांनी इतक्या खात्रीनं बोललेलं सत्यभामाबाईंनी निवडणुकीतसुद्धा ऐकलं नव्हतं.

"अँगलच्या मशीननं पाईप कापू नका बरं," भागवत बजावून सांगायचा. "चकती आत शिरती आन् पाईपातली हवा उलटी मारती."

"पाईपात कसली आली हवा?"

"मग काय असतंय पाईपात, वयनी?"



मध्ये एक दिवस अर्जुनरावांनी स्वतःची विद्या वापरून पाहिली. त्यांनी अर्ज लिहिला. रस्ता उंच झाल्यामुळं गेट उघडत नाही, तरी रस्ता पूर्ववत खाली घेण्यात यावा. अर्जाची भाषा इतकी सुरेख होती, की त्यांनी तो सत्यभामाबाईंना दोनदा वाचून दाखवला. कचेरीतल्या तरुण कारकुनानं तो एकदाच वाचला.

"गेट बाहेर उघडतंय का? रस्त्यावर?"

"हो. म्हणजे उघडायचं."

"मग गेट रस्त्यावर येतंय की काका. हे अतिक्रमण झालं. आन् तुमी सही करून लिहून दिलंय."

अर्जुनरावांनी जन्मभर लोकांचे अर्ज परत केले होते. स्वतःचा अर्ज परत मागताना त्यांना घाम फुटला. पोरगा भला, त्यानं दिला. घरी येऊन त्यांनी तो बारीक फाडला आणि "हल्ली कचेऱ्यांत कामाची माणसं उरली नाहीत" असं म्हणून जेवायला बसले.

त्याच जेवणात त्यांना सुचलं. घास हातातच राहिला.

"सत्यभामा! मशीन अँगलची मिळते ना? मग गेटच अँगलचं करू!"

सत्यभामाबाईंनी वरणाची पळी खाली ठेवली.

"म्हंजी पाईपाचं गेट काढायचं."

"हो."

"अँगलचं नवं करायचं."

"हो."

"आन् मग ते नवं गेट खालून चार बोटं कापायचं."

"बरोबर!" बायकोला इतक्या लवकर कळलं, याचं अर्जुनरावांना कौतुक वाटलं.

"मग नवं करतानाच चार बोटं आखूड करा की!"

"तसं कसं?" अर्जुनराव म्हणाले. "मग मशीन कशाला घ्यायची?"

सत्यभामाबाईंनी देवघराकडं पाहिलं. महालक्ष्म्या अजून तिथं बसायच्या होत्या, म्हणून त्यांना गाऱ्हाणंही घालता येईना.

मशीन आली. मागच्या खोलीतून डाळी निघाल्या आणि खोका पाटावर बसला. हात बसावा म्हणून अर्जुनराव घरात अँगल शोधत फिरू लागले. त्यांना कूलरचा घोडा सापडला. त्याचा एक पाय जरा बाहेर आलेला, येताजाता नडगीला लागायचा. तेवढा कापायचं ठरलं. डोळ्यांवर मोतीबिंदूच्या ऑपरेशनानंतर मिळालेला काळा चष्मा, तोंडाला पंचा, अंगात नातवाचा जुना रेनकोट, अशा थाटात ते अंगणात उतरले. कोणी अनोळखी माणूस आला असता तर त्यानं आधी पैसे काढून दिले असते. भागवत बटणाशी उभा होता. मशीननं पहिला आवाज काढला मात्र, बटण तिथंच राहिलं आणि भागवत हौदामागं सापडला.

पण कापलं! ठिणग्या उडाल्या, दोरीवरच्या लुगड्याला जागोजाग भोकं पडली, गल्लीतली कुत्री शेतात पळाली. पण पाय कापला गेला. कूलर हळूच वाकला आणि दाराच्या चौकटीला कान लावून उभा राहिला, तो त्या घरातलं बोलणं अजून ऐकतो आहे.

आवाजानं गल्ली जमली, आणि गल्लीला कळलं की इथं फुकट कापून मिळतं. दुसऱ्या दिवसापासून रांग लागली. कुणी खाटेचा पाय आणला, कुणी शेडचा तुकडा. "कटरवाले काका हायेत का?" असं दारातून ऐकू यायचं. अर्जुनरावांना आधी त्याचा राग आला, मग सवय झाली, मग ते वाट पाहू लागले. एक नियम मात्र त्यांनी कडक पाळला. एकजण नळाचा पाईप घेऊन आला, तर त्यांनी मशीन पोटाशी धरली.

"पाईप इथं कापून मिळणार न्हाई."

"कावून काका? एवढा तर हाय."

"ही अँगलची मशीन हाय. शिकल्यासवरल्या माणसानं असं विचारू नये."

तो बिचारा ओशाळून गेला. त्यानंतर त्या गल्लीत पाईप घेऊन कोणी आलं नाही.

गेटचं काम निघालं म्हटल्यावर सटवा दुसऱ्या दिवशी उजाडताच हजर. चार बोटांसाठी महिनाभर न आलेला माणूस अख्ख्या गेटासाठी न बोलावता आला. येताना स्वतःची मशीन घेऊन आला होता, आणि गेट खांबापासून सुटेना म्हणून त्यानं ती खांबाला लावली. सत्यभामाबाई पायरीवर उभ्या होत्या. खांब पाईपाचा होता. मशीन, रंग सोडला तर, मागच्या खोलीत पाटावर बसलेल्या मशीनची सख्खी बहीण होती. पापड मोडावा तसा पाईप तुटला. हवेनं उलटं मारलं नाही.

"अहो, बघा!" त्या म्हणाल्या. "त्याच मशीननं पाईप कापला!"

अर्जुनरावांनी नीट पाहिलं. मग म्हणाले, "त्याची मशीन जुनी हाय. जुन्या मशिनी काहीही कापायच्या."

गेट टेम्पोत चढलं आणि गेलं. त्याच दुपारी पुण्याहून नातीचा, सायलीचा फोन आला. सत्यभामाबाईंनी तिला सगळं सांगितलं. पलीकडून बराच वेळ नुसतं हसणंच ऐकू आलं.

"आजी, अँगल म्हणजे कोन गं! त्या मशीनचं डोकं कोनात बसवलेलं असतं, म्हणून तिला तसं म्हणतात. ती सगळं कापते. पाईप, फरशी, सगळं!"

सत्यभामाबाईंनी फोन ठेवला आणि शब्दाला शब्द नवऱ्याला सांगितलं. अर्जुनराव खुर्चीत होते. त्यांचा चेहरा आधी उतरला, मग सरकारी झाला.

"ते पुण्यात असंल," ते म्हणाले, आणि जरा थांबून, हळूच: "भागवतला सांगू नको."

गेट नेलेल्या सटवाच्या दुकानाला दोन दिवसांनी कुलूप लागलं. पाहुण्याकडं गेलता, इतकंच कळलं. कुठल्या पाहुण्याकडं, कधी येणार, हे पाहुण्यालाच माहीत. महालक्ष्म्या तोंडावर आल्या आणि घराला गेट नव्हतं. उघड्या जागेत आडवी बाज लावली, ती शेळ्यांनी ओलांडली आणि महालक्ष्म्यांसाठी राखलेला झेंडू खाल्ला. एक कुत्री हौदाच्या सावलीला व्याली. भागवत तर आता हाकही न मारता, पूर्ण रुंदीनं आत यायला लागला. सत्यभामाबाईंना बिनगेटाचं घर म्हणजे बिनकुंकवाचं कपाळ वाटत होतं. आणि मंगलचा चकलांब्याहून रोज फोन.

"बाई, जमतंय ना सगळं? न्हाई, माझी तयारी हाय म्हणून इचारलं. आमच्याकडं काय, गेट उघडलं की ट्रॅक्टर..."

"माहीत हाय मला तुझा ट्रॅक्टर," सत्यभामाबाई म्हणायच्या.

आवाहनाच्या दिवशी संध्याकाळी जीप आली. छबुबाई पुढं बसलेल्या, मांडीवर मुखवट्यांची पेटी. मागं मंगल, नवं लुगडं, आणि चेहऱ्यावर बहिणीच्या लग्नाला आल्यासारखा आनंद. सत्यभामाबाईंनी बाज कशीबशी ओढून हौदामागं लपवली. कुंकवाची पावलं रस्त्यापासून काढली होती. पण पावलांच्या दोन्ही बाजूंना नुसते खांबांचे खुंट उभे, तेही कापलेले, दात पडल्यासारखे.

छबुबाई उतरल्या. काठीवर भार देऊन त्यांनी खुंटांकडं पाहिलं, मोकळ्या जागेकडं पाहिलं, आणि काही बोलल्या नाहीत. त्यांचं न बोलणं त्या घराण्यात सगळ्यात महाग होतं.

"अगं बाई!" मंगलनं संधी साधली. "गेट कुठं हाय? मोडलं का चोरीला गेलं? बाई, असल्या भुंड्या घरात देव्या..."

"त्याचं असं झालं वहिनी," अर्जुनराव पुढं सरसावले, "मशीन जी येते ती अँगलची, आणि आपलं गेट..."

सत्यभामाबाईंना एका क्षणात सगळं दिसलं: अँगल, पाईप, आरपीएम, पोट धरून हसणारी मंगल, चकलांब्याकडं वळलेली जीप, आणि पुढच्या भादव्यात ट्रॅक्टरच्या गेटातून आत जाऊन मागं उभ्या राहिलेल्या त्या स्वतः. त्यांनी नवऱ्याच्या पायावर पाय दिला, सगळ्या वजनानं.

"काढलं," त्या म्हणाल्या.

"काढलं?" छबुबाईंनी मान वर केली.

"ह्यांनीच काढलं. मी म्हटलं, गेट उघडून आणू. तर हे म्हणाले, पहिल्यांदा आपल्याकडं येत्यात, जोडीनं येत्यात, मग मधी दाराची अडचण कशाला? गेटच ठेवत न्हाई म्हणाले. मुळासकट कापलं, बघा."

अर्जुनरावांचं तोंड उघडं राहिलं होतं. वेदनेनं होतं, पण दिसायला भक्तीनं दिसत होतं.

छबुबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "भाऊजी," त्या म्हणाल्या, "तुमच्या थोरल्या भावानं जन्मात कधी देवीसाठी दाराची कडी काढली न्हाई. आतून वराडायचे, ढकला, उघडंच हाय." त्यांनी पेटी उघडली. ज्येष्ठेचा मुखवटा त्यांनी सत्यभामाबाईंच्या हातात दिला, कनिष्ठेचा मंगलच्या. "चला. जोडीनं."

थाळी वाजायला लागली. दोन्ही जावा खांद्याला खांदा लावून आत निघाल्या. जागा इतकी ऐसपैस होती, की मंगलला सत्यभामाबाईंपासून हातभर लांब चालता आलं असतं. तरी ती इतकी चिकटून चालली, की तिचं कोपर बरगडीत लागत होतं. लागू दे, सत्यभामाबाई म्हणाल्या मनात. पाटाशी येताच छबुबाईंनी निरांजनाचं तबक उचललं, क्षणभर धरलं, आणि धाकटीकडं न पाहता मधलीच्या पुढं केलं. सत्यभामाबाईंनी ओवाळलं. मागं कोण उभं आहे, हे बघायला त्यांनी मान वळवली नाही.

ओवाळून झाल्यावर छबुबाई भिंतीला टेकल्या. "सत्यभामा, आता ही चालच पडली. दरवर्षी गेट मुळासकट काढूनच देव्या आणायच्या. एकदा केलं ते मोडायचं न्हाई."

अर्जुनरावांनी घाईनं मागच्या खोलीकडं पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं, की सत्यभामाबाईंना पहिल्यांदाच खऱ्या अर्थानं भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात पोळ्यांचा घाणा सुरू होता. छबुबाई पाटावर बसून पुरणाचे उंडे करत होत्या, सत्यभामाबाई लाटत होत्या, आणि मंगल तव्यापुढं धूर खात होती.

"जाऊबाई," सत्यभामाबाईंनी विचारलं, "आपल्यात दोघी जोडीनंच का हो आणायच्या?"

"मला काय ठाव? सासूबाईंनी सांगितलं."

"त्यांना?"

"त्यांच्या सासूनं. आन् आपल्यात नैवेद्याच्या ताटात लिंबू उजवीकडं का, तेबी इचारू नको. आन् आंबिलीची घागर पाटावर न ठेवता विटेवर का, तेबी न्हाई. चाल ती चाल."

सत्यभामाबाईंचं लाटणं थांबलं. त्यांच्या डोळ्यांपुढं त्या घराण्यातले सगळे पुरुष एका ओळीत उभे राहिले, पार आज्जेसासऱ्यांच्या आज्ज्यापर्यंत. एकानं पाट मोडून काय तरी करून ठेवलेलं. एकानं दार उखडलेलं. एकानं घरात अशी खोली बांधलेली, की एकटं माणूस आत गेलं की अडकावं, दोघांनीच जावं. आणि प्रत्येकाच्या शेजारी एकेक बाई, पदर सारखा करून, पाहुण्यांपुढं चेहरा पडू न देता सांगणारी: आमच्यात तशी चालच आहे.

त्यांना हसू आलं, ते आवरेना. पदर तोंडात कोंबला तरी खांदे हलत राहिले.

"हसायला काय झालं गं, पुरणपोळी लाटताना?" छबुबाईंनी विचारलं.

"काय न्हाई जाऊबाई," सत्यभामाबाई डोळे पुसत म्हणाल्या, "पुरण जरा सैल झालंय."